मदतनीस मावशींचा दिवस : हेही शिक्षणच!



माझ्या पहिलीच्या वर्गाला लागूनच अंगणवाडी भरते. मध्ये फक्त एक भिंत. अंगणवाडीत एक सेविका असते आणि एक मदतनीस. सेविका शिकवते आणि मदतनीस झाडलोट, स्वयंपाक करते, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही तसंच समजत होते. पण मावशींचा दिवस जवळून बघितला आणि माझं मत बदललं.

सकाळ : मुलं गोळा करणं

खोली झाडून, पाणी भरून झालं की मावशी वस्तीत निघतात. घरोघरी हाक मारत मुलांना घेऊन येतात. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण रात्री उपाशी झोपलं, हे त्यांना दारातच कळतं. वर्गात बसून आपल्याला ते कळत नाही.

दारात आल्यावर चपला. मावशी स्वतः चपला लावत नाहीत, "तुझी जोडी शोध बरं" म्हणतात. डावी-उजवी, लहान-मोठी, सारखी-वेगळी ही गणिताची पूर्वतयारी इथेच सुरू होते.

दुपार : जेवणाची पंगत

खिचडी किंवा उसळ तयार झाली की एक मूल ताटल्या वाटतं. एका मुलाला एक ताटली. यालाच आपण डीएडला 'एकास एक संगती' म्हणून शिकलो. ताटली उरली की मावशी विचारतात, "आज कोण आलं नाही रे?" मुलं आजूबाजूला बघून नाव सांगतात. झाली वजाबाकी!

जेवणाआधी साबणाने हात धुणं, स्वतःच्या हाताने घास घेणं, बटण लावणं यातून बोटांना ताकद येते. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात. कोणाची चड्डी ओली झाली तर मावशी गाजावाजा न करता त्याला बाजूला नेऊन कपडे बदलतात. मुलाला लाज वाटू न देणं, हे फार मोठं काम आहे.

एक अनुभव

दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला चार वर्षांचा मुलगा अंगणवाडीत येऊ लागला. एक दिवस सेविका ताई बैठकीला गेल्या, म्हणून मी तासभर तिकडे बसले. तो काहीच बोलेना. मी म्हटलं, "मावशी, याला बोलता येत नाही वाटतं. डॉक्टरांना दाखवायला सांगू या."

मावशी म्हणाल्या, "मॅडम, तो बोलतो की! सकाळपासून याडी, याडी करतोय. आपल्यालाच कळत नाही."

मावशींचं माहेर तांड्याजवळचं. गोरमाटीत याडी म्हणजे आई. त्यांनी त्याला जवळ घेतलं, ताटलीतली भाकरी दाखवून विचारलं, "बाटी?" तो हसला आणि जेवायला बसला. मला खरंच ओशाळल्यासारखं झालं. मुलाची भाषा मला येत नव्हती आणि कमतरता मी त्याच्यात शोधत होते.

थोडा इतिहास

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नसतील तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, असा तो विचार. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशात अंगणवाड्या सुरू झाल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे अंगणवाडी आणि आपली पहिली-दुसरी एकाच साखळीत आहेत.

आपण काय करू शकतो?

- पहिलीत मूल दाखल होताना मदतनीस ताईंशीही बोला. मूल कशाला घाबरतं, कशाने शांत होतं, हे त्यांना माहीत असतं.
- घरची भाषा बोलणाऱ्या मुलाला गप्प करू नका. त्याचे चार शब्द आपणच शिका.
- पालकहो, "आज काय लिहिलं?" याऐवजी "आज ताटल्या कोणी वाटल्या?" असं विचारून बघा.

तो मुलगा हंगाम संपल्यावर गावी गेला. जाताना मराठीत "मावशी, येतो" म्हणाला. आणि मी अजून गोरमाटीचे दोनच शब्द शिकले आहे!