व्यसनमुक्तिकेंद्रांत पाठविण्यापूर्वीं

संस्कृतांत ‘व्यसन’ या शब्दाचा अर्थ केवळ वाईट सवय असा नाहीं, ‘संकट’ असाही आहे. घरांतील कर्ता पुरुष दारूच्या आहारीं गेला म्हणजे हा दुसरा अर्थ सर्व कुटुंबास कळून येतो. तथापि सिंदखेडराजा-मेहकर रस्त्यावरील आमच्या दुसरबीडसारख्या गांवांत, जेथें घरची गोष्ट पारावर जाण्यास वेळ लागत नाहीं, सुशिक्षित कुटुंबेंही लोकलज्जेस्तव मौन धरतात आणि रोग वाढूं देतात. म्हणून निवासी केंद्रांत काय घडतें, हें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

महाराष्ट्रांत या कार्यीं पुण्याचें ‘मुक्तांगण’ सर्वपरिचित आहे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट या दांपत्यानें १९८६ सालीं तें स्थापिलें, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं त्यास द्रव्यसाहाय्य केलें. तेथील निवासाचा क्रम ३५ दिवसांचा आखण्यांत आला.

पहिले कांहीं दिवस औषधोपचाराचे असतात. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें दारू एकाएकीं सोडली तर हात कांपतात, घाम सुटतो, झोंप उडते. कोणास झटके येतात, तर कोणास दोन-तीन दिवसांनीं भ्रम होऊन प्राणही धोक्यांत येतो. अशा माणसास घरींच खोलींत कोंडून ठेवणें जिवावर बेतूं शकतें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषधें व ब-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ बहुधा सुखरूप पार पडतो.

पुढें दिनक्रम सुरू होतो. वेळेवर उठणें, योगासनें, साफसफाईचीं कामें, समुपदेशकाशीं एकांतांत बोलणें, आणि गटांत बसून आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगणें. दाखल होतांना सामान सहसा तपासलें जातें; पैसे, तंबाखू, मोबाइल जवळ ठेवूं देत नाहींत. यांत अपमान मानूं नये. मुक्तांगणांत व्यसन सुटलेलीं अनेक माणसें पुढें तेथेंच कार्यकर्तीं झालीं. एका व्यसनग्रस्तास दुसऱ्यानें आधार द्यावा, हें तत्त्व अमेरिकेंत १९३५ सालीं निघालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या मंडळानें रूढ केलें.

आतां घरच्यांविषयीं. पहिल्या आठवड्यांत ‘मला घरीं न्या’ असा निरोप बहुधा येतोच. तेव्हां आईनें विरघळून जाऊं नये, केंद्रांतील डॉक्टरांस विचारावें. एकत्र कुटुंबांत वडीलभाऊ गुपचुप कर्ज फेडतो, काका कचेरींत खोटें कारण कळवितात, आणि दोष मात्र सूनबाईंच्या पदरीं पडतो. ही रीत चालू राहिली तर उपचार व्यर्थ होतो. मुक्तांगणांत रुग्णांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा आधारगट चालविला गेला, तो याच जाणिवेनें.

केंद्र निवडतांना डॉक्टर नियमित येतात काय, घरच्यांस भेटूं देतात काय, आणि सुटीनंतर पाठपुरावा होतो काय, हें आधीं विचारावें. जेथें मारहाण किंवा सांखळदंड आढळेल तेथें रुग्णास क्षणभरही ठेवूं नये. माहितीसाठीं शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनिसेवा आहे.

घरीं परतल्यावर तोल पुन्हां जाऊं शकतो. मधुमेही माणसाची साखर वाढावी तसेंच तें समजून त्यास लगेच पुन्हां उपचारास न्यावें. लग्नकार्यांत ‘आज एकच’ म्हणणाऱ्या पाहुण्यास मात्र घरांतील वडीलधाऱ्यांनींच स्पष्ट नकार द्यावा. तो भार त्या बिचाऱ्या एकट्यावर टाकूं नये.