पतसंस्थेच्या अर्जातील बारीक अक्षरे

निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी घराजवळच्या पतसंस्थेत ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. संचालक ओळखीचे असतात, कर्मचारी नावाने विचारपूस करतात आणि व्याजही बँकेपेक्षा थोडे अधिक मिळते. खाते उघडण्याचा अर्ज मात्र बहुधा लिपिकच भरतो आणि ग्राहक फुली केलेल्या जागी सही करून मोकळा होतो.

त्या अर्जात ठळकपणे क्वचितच आढळणारी बाब ही, की पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकार खात्याकडे, अथवा ती बहुराज्य असल्यास २००२ च्या कायद्याखाली केंद्रीय निबंधकांकडे होते. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो. नागरी सहकारी बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडेही तिची तक्रार नेता येत नाही. 'नागरी सहकारी' इथपर्यंत दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात. फरक पुढच्या एका शब्दात असतो.

खात्याच्या अर्जासोबत सहसा सभासदत्वाचाही अर्ज असतो. 'नाममात्र सभासद' या शब्दांवर खूण असेल, तर मतदानाचा हक्क नाही आणि नफ्यात वाटाही नाही. नियमित सभासदाला हे हक्क मिळतात, पण त्याची भागाची रक्कम ठेव नसून भांडवल असते. संस्था अवसायनात निघाल्यास ठेवीदारांची देणी भागल्यावरच तिचा विचार होतो.

सर्वाधिक मनस्ताप देणारे कलम वसुलीचे. सभासदाकडील येणे त्याच्या ठेवीतून परस्पर वळते करून घेण्याचा अधिकार संस्थेला असतो. या येण्यात त्याचे स्वतःचे कर्ज तर येतेच, पण जामीनकीची जबाबदारीही येऊ शकते. शेजाऱ्याच्या कर्जाला भिडेखातर जामीन राहिलेल्याला हे कळते ते बचत खात्यातील शिल्लक घटल्यावर!

दैनंदिन ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास किती कपात होते, हेही आधीच विचारलेले बरे. नामनिर्देशनाचा रकाना रिकामा ठेवू नये. मात्र रक्कम स्वीकारणारा नामनिर्देशित आणि तिचा कायदेशीर वारस एकच असतील असे नाही.

'संस्थेचे उपविधी मला मान्य आहेत' हे वाक्य अर्जाच्या तळाशी, सहीच्या लगत असते. न पाहिलेले उपविधी मान्य करण्याची ही रीत विचित्रच. त्यांची प्रत, मागील वर्षाचा ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचा वर्ग यांची मागणी ग्राहकाने निःसंकोच करावी. त्यावर टाळाटाळ झाली, तर सही आठवडाभर लांबवण्यास हरकत नाही.