मातीच्या तळाचे मत्स्यालय

मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द दोन भिन्न गोष्टींना लावला जातो : काचेवर चढणारा हिरवा थर आणि हायड्रिलासारखी सपुष्प जलवनस्पती. मत्स्यालयात मात्र अन्न व प्रकाश यांसाठी या दोहोंत स्पर्धा असते. ‘शेवाळ’ म्हणून वनस्पतीच उपटली, तर तो थर बळावतो. वनस्पतींची सरशी व्हावी, हेच मातीच्या तळाच्या मत्स्यालयाचे सूत्र होय. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये आपल्या ग्रंथात त्याची शास्त्रीय मांडणी केली.

तळाशी सुमारे अडीच सेंटिमीटर माती व तिच्यावर तितकीच वाळू पसरतात. मातीतील जिवाणू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करून वनस्पतींना कार्बन डाय-ऑक्साइड व पोषकद्रव्ये पुरवितात. माशांच्या उत्सर्गातील अमोनिया वनस्पती शोषून घेतात. त्यामुळे वारंवार सफाईची गरज उरत नाही.

परभणी जिल्ह्यातील काळी माती भिजताच फुगते व तिचे सूक्ष्म कण पाणी गढूळ करतात. शिवाय तिच्या दाट थरात प्राणवायू न पोचल्याने हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. म्हणून नुसती काळी माती न घेता नदीकाठचा हलका पोयटा घ्यावा. ताजे शेणखत व रासायनिक खत टाळावे. पाणी जड असल्यास व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला लावावीत. बायकार्बोनेटातूनही त्या कार्बन घेऊ शकतात. आरंभीच दाट लागवड करावी. पाण्यातील अमोनिया नाहीसा झाल्यावरच थोडे मासे सोडावेत.