ऊसनोंद ते ऊसबिल : जोडणी वेगळी, कामाचा क्रम वेगळा



ऊसनोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, ऊसबिल ही कामे आता संगणकावर होतात. तरी गट ऑफिसात विचारणा होते, "साहेब, काट्यावर वजन झालं, मग बिलाला दिवस का लागतात?" प्रश्न रास्त आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पैसे १४ दिवसांत द्यावयाचे असतात; पुढे सालीना १५ टक्के व्याज.

संगणक क्षेत्रात 'सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर' म्हणून एक रचना आहे. तीत प्रत्येक खात्याचा प्रोग्रॅम आपले काम इतरांना ठरलेल्या नमुन्यात करून देतो. काट्याला विचारले की वजन मिळते, ऊसनोंदीला विचारले की प्लॉट कळतो. या झाल्या सेवा. त्या एकत्र नांदवायला दोन तऱ्हेची साधने लागतात, आणि गल्लत इथेच होते.

पहिले साधन जोडणीचे. काटा किलोत सांगतो, हिशेब खाते टनात मागते. काट्याला स्लिप नंबर ठाऊक, हिशेबाला सभासद नंबर. हा बदल करून निरोप पोचवायचा, समोरचा संगणक बंद असेल तर धरून ठेवायचा. स्लिपबॉयसारखेच हे. स्लिप बिनचूक गेली पाहिजे, पण कोणाचा ऊस आधी तुटणार हे स्लिपबॉयने ठरवायचे नाही. (ठरवतो तिथे काय होते, ते सभासदांना आम्ही काय सांगावे!)

दुसरे साधन कामाच्या क्रमाचे. लागण तारखेप्रमाणे तोडणी, मग वजन, मग सोसायटीची वसुली वजा, मग बँक. कोणती पायरी कोणाच्या सहीसाठी अडली, हे ते दिवसचे दिवस लक्षात ठेवते. क्रम लिहिण्यासाठी बीपीईएल भाषेची दुसरी आवृत्ती २००७ साली प्रमाण ठरली. हल्ली बीपीएमएन पद्धतीच्या आकृत्यांवर भर आहे.

आता जळीत उसाचे बघा. तार तुटून प्लॉट पेटला तर पाळी मोडून तो तोडावाच लागतो. राहिला तर वजन घटते, उताराही पडतो. पाळीचा नियम जोडणीच्या पोटात लिहिलेला असेल, तर बदलायला प्रोग्रॅमर गाठावा लागतो आणि तोवर ऊस वाळतो. तोच नियम क्रमाच्या साधनात उघडा मांडला असेल, तर शेतकी खात्याच्या माणसाला तो वाचता येतो आणि काट्याला हात न लावता बदलता येतो.

विकणारे पुष्कळदा दोन्ही एकाच पॅकेजात दाखवतात. आमच्या मते किमतीआधी एकच विचारावे, पाळीचा नियम कोठे लिहिला जातो?

सभासदांनी मात्र नोंदीतील गट नंबर, लागण तारीख व बँक खाते गट ऑफिसात तपासून घ्यावे. चुकीच्या खाते नंबरावर बिल अडले, तर ते सोडवायला माणूसच लागतो.