पालथ्या कुंडीखालचा पाव

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला घरी पाव भाजायचं खूळ लागलं. हीट ट्रान्सफरमध्ये केटी लागली होती आणि पुस्तक उघडलं की हटकून भूक लागायची! पहिले दोन पाव मात्र असे निघाले की बाबा म्हणाले, "तू सिव्हिलला जायला हवं होतंस."

दोन्ही पावांचं दुखणं एकच. ओटीजीतल्या कोरड्या हवेने दहा मिनिटांत वरची साल वाळून कडक झाली. आतल्या गॅसला फुगायला वाव नाही, मग बिचारा पाव एका कुशीवर फाटला. आत पाण्याची वाटी ठेवून पाहिली, पण दाराच्या फटींतून वाफ निघून जायची.

हे रडगाणं जळगावच्या मित्राला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "आमच्याकडे खापर पालथं घालून त्याच्या पाठीवर मांडे भाजतात. तू पोटात भाजून बघ की!"

गंमत सोडा, पण ही युक्ती खरंच जुनी आहे. रोमन लेखक कॅटोने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात पाव मातीच्या झाकणाखाली भाजायला सांगितलंय. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरीवाल्याची, पीठ न तिंबता झाकणाच्या जड भांड्यात पाव भाजायची रीत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली आणि अनेक घरांत पोचली.

आता झाकणाने होतं काय? १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना साधारण १.७ लिटर वाफ होते. माझी कुंडी साडेचार लिटरची. म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम पाणी उडालं की कुंडी भरली! ४०० ग्रॅम मैद्यात मी २८० ग्रॅम पाणी घालतो, तेव्हा तोटा नाही. गोळा अजून थंड असतो, म्हणून वाफ त्याच्यावर पुन्हा पाणी होऊन बसते आणि ग्रॅममागे सुमारे २२५७ ज्यूल उष्णता देऊन जाते. (लेटंट हीटचा हाच प्रश्न मी पेपरात सोडून आलो होतो.) गोळा झपाट्याने तापतो, पण साल ओली आणि लवचिक राहते. आतला कार्बन डायॉक्साइड प्रसरण पावतो, यीस्टही ५५-६० अंशांना मरेपर्यंत आणखी गॅस सोडतं आणि पाव टम्म फुगतो. वरच्या स्टार्चची खळ होते, तीच पुढे वाळून चकचकीत, कुरकुरीत कवच बनते.

झाकण शेवटपर्यंत ठेवलंत तर मात्र पाव पांढराफटक राहील. साल ओली असेतो तिचं तापमान १०० च्या फारसं वर जात नाही, आणि खरपूस रंगाला १४० च्या आसपास तरी लागतात. म्हणून २३० अंशांवर २५ मिनिटं झाकून, नंतर साधारण २० मिनिटं उघडा.

कुंडी साधी, बिनरंगाची घ्या. बुडाच्या भोकात फॉइलचा बोळा कोंबा. थंड ओव्हनमध्येच बिडाच्या तव्यासकट ठेवा आणि सगळं एकदमच तापू द्या. पहिली कुंडी मी तापलेली तशीच ओल्या ओट्यावर टेकवली. टक्! दोन तुकडे. गार झालेला काठ आकसायला बघतो, बाकीची गरम माती त्याला आकसू देत नाही, आणि भाजलेल्या मातीला ताण मुळीच सोसत नाही. मटेरिअल सायन्स पास झालेल्या माणसाला हे आठवायला हवं होतं. असो. आता पाटावर जाड, कोरडं फडकं अंथरून ठेवतो.

तिसऱ्या पावाच्या वेळी दुसरी कुंडी उचलली तेव्हा चष्म्यावर वाफ आली, काही दिसेना. पुसून पाहिलं तर तव्यावर चांगला वीतभर रुंद, गोल गरगरीत पाव! बाबांनी पहिले दोन तुकडे न बोलता खाल्ले. तिसरा घेताना विचारलं, "केटीचा फॉर्म भरलास का?"

दोन्ही कुंड्या आईने मोगऱ्यासाठी आणल्या होत्या. मोगरा अजून तेलाच्या डब्यातच आहे.