मृगापूर्वीची शिदोरी : आपत्काळासाठी घराची टप्प्याटप्प्याने तयारी



आपल्या बडोदे नगरीस विश्वामित्रीचा पूर नवा नाही. पावागडाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी वळणे घेत शहराच्या मध्यातून वाहते व पुढे ढाढर नदीस मिळते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी नगराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधविलेला आजवा तलावही याच नदीच्या खोऱ्यात आहे. त्यामुळे शहरात पाऊस थांबला म्हणजे संकट टळले, असे येथे म्हणता येत नाही. वरच्या भागात पडलेला पाऊस व तलावातून सोडलेले पाणी काही तासांनी शहरात पोहोचते आणि स्वच्छ आकाशाखालीही पाणी चढत राहते. ३१ जुलै २०१९ रोजी एकाच दिवसात ४०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात नदीची पातळी ३५ फुटांच्याही पुढे गेली. अनेक वसाहतींत तळमजले पाण्याखाली गेले, वीज व दूरध्वनी बंद पडले आणि नदीतील मगरी लोकवस्तीत आल्या.

त्या दिवसांत व त्यानंतर जे भाविक न्यासाकडे आले, त्यांच्या मागण्या आम्हास विचार करावयास लावणाऱ्या होत्या. शिजविलेले अन्न अनेक संस्थांकडून मिळत होते. कमतरता होती ती पिण्याच्या पाण्याची, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांची, विजेरीच्या सेलची आणि परगावच्या मुलाबाळांना "आम्ही सुखरूप आहोत" एवढे कळविण्याच्या साधनाची. औषधाचे नाव विचारले असता कित्येक ज्येष्ठांना "ती पांढरी, लहान गोळी" यापलीकडे सांगता येत नव्हते, कारण वैद्यांची चिठ्ठी तळमजल्यावरील कपाटात भिजून गेली होती. यांपैकी एकही वस्तू महाग वा दुर्मीळ नाही. ती वेळेवर हाताशी नव्हती, एवढेच.

म्हणूनच या लेखाचा हेतू असा की, प्रत्येक घराने किमान तीन दिवस बाहेरच्या मदतीवाचून निभावता येईल इतकी शिदोरी बांधून ठेवावी, आणि ती एका दिवसात न बांधता हळूहळू बांधावी. पुराची सूचना आल्यावर दुकानांत गर्दी होते, हवे ते मिळत नाही आणि घाईत आणलेल्या वस्तूंत निम्म्या निरुपयोगी असतात. गुढीपाडवा ते मृग नक्षत्र या काळात दरवर्षी किमान आठ आठवडे मिळतात. आपल्या पूर्वजांनी पापड, कुरडया, लोणची, वर्षाचे धान्य यांची बेगमी याच दिवसांत केली. त्याच बेगमीत दर आठवड्यास एक काम जोडले, तर खर्चाचा भार जाणवत नाही व मृगाचा पहिला पाऊस येण्यापूर्वी घर सिद्ध होते.

पहिला आठवडा : कागद व पेन्सिल

या आठवड्यात काहीही विकत आणू नये. घरातील सर्वांनी एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत. मागील पुरात पाणी कोठवर आले होते? विजेचा मुख्य खटका कोठे आहे व तो कोण बंद करील? गॅसचा रेग्युलेटर कोण बंद करील? आजी-आजोबांना वरच्या मजल्यावर कोण नेईल? घर सोडावे लागल्यास कोणाकडे जावयाचे? पाणी घरात शिरण्यापूर्वीच मुख्य खटका बंद करावा. पाण्यात उभे राहून वा ओल्या हातांनी त्यास कदापि स्पर्श करू नये.

परगावचा एक नातेवाईक निश्चित करून ठेवावा. आपल्यापैकी बहुतेकांचे आप्त पुणे, मुंबई, इंदूर येथे आहेत. कुटुंबातील माणसे शहरात निरनिराळ्या ठिकाणी अडकली, तर सर्वांनी त्या एकाच आप्तास निरोप द्यावा व त्याच्याकडूनच इतरांची खुशाली घ्यावी. दूरध्वनीवर बोलणे होत नसले, तरी लहानसा लघुसंदेश पुष्कळदा पोहोचतो.

दुसरा व तिसरा आठवडा : पाणी

पिणे व जुजबी स्वयंपाक यांसाठी माणशी दररोज ४ लिटर पाणी धरावे. चार माणसांच्या घरास तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतील. दुसऱ्या आठवड्यात २० लिटरचा एक झाकणाचा कॅन घ्यावा, तिसऱ्या आठवड्यात दुसरा. उरलेले पाणी बाटल्यांत भरावे. हे पाणी दर एकादशीस बदलावे, म्हणजे पंधरवड्याचा नेम आपोआप सांभाळला जातो. काढलेले पाणी तुळशीस व कुंड्यांस घालावे. पुराची सूचना मिळताच पिंप, हंडे, कळशा, बादल्या भरून घ्याव्यात. ते पाणी वापरण्यास होते.

क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी औषधाच्या दुकानातून आणून ठेवावी. गोळी किती पाण्यास पुरते ते वेष्टनावर वाचावे व गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी स्वच्छ, दुहेरी सुती कापडातून गाळून घ्यावे. इंधन असल्यास पाण्यास खळखळून उकळी आल्यावर ते एक मिनिट उकळू द्यावे.

चौथा आठवडा : अन्न

चूल पेटणार नाही असे समजूनच अन्नाची योजना करावी. सातूचे पीठ व गूळ, भाजक्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, फुटाणे, दुधाची भुकटी आणि आपल्या गुजरातेतील खाकरा हे पदार्थ शिजवावे लागत नाहीत व टिकतात. सातूचे पीठ पाण्यात गुळासह कालविले की दात नसलेल्या वृद्धांचीही सोय होते. तान्ह्या बाळाचे व पथ्यावरील माणसाचे खाणे वेगळे बांधावे.

हा साठा कुलपात ठेवून विसरू नये. त्यातील जिन्नस श्रावणाच्या उपवासात, नवरात्रात व दिवाळीत वापरावेत व त्यांच्या जागी नवे ठेवावेत. आधी आणलेले आधी संपवावे, हा कोठीचा जुना नियम येथेही लागू आहे.

पाचवा आठवडा : औषधे

रोजच्या औषधांचा सात दिवसांचा साठा नेहमीपेक्षा अधिक असावा. दर महिन्यास एक-दोन दिवसांच्या गोळ्या जादा घेत गेल्यास तो सहज जमतो. प्रत्येक व्यक्तीच्या नावाने एक चिठ्ठी करावी. तीवर औषधाचे नाव, मात्रा, वेळ, रक्तगट, चालत नसलेली औषधे व डॉक्टरांचा क्रमांक असावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज नसताना ते कसे थंड ठेवावयाचे, हे आपल्या डॉक्टरांस आजच विचारावे. ओल्या वाळूत वा ओल्या फडक्यात ठेवलेले मातीचे मडके या कामी उपयोगी पडते.

जखमेसाठी जंतुनाशक, पट्ट्या, कापूस, तापाची गोळी व जलसंजीवनीच्या पुड्या ठेवाव्यात. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून द्यावे. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आल्यास अंगावर काढू नये. उंदरांच्या मूत्रामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच वेळी होतो, म्हणून डॉक्टरांस पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे.

सहावा आठवडा : प्रकाश व संपर्क

दोन विजेऱ्या, जादा सेल, भरलेली पॉवर बँक, शिट्टी आणि सेलवर चालणारा लहान रेडिओ एवढे पुरे. मेणबत्ती व निरांजन यांवर विसंबू नये. गॅसगळती झालेल्या घरात ती घातक ठरतात. भ्रमणध्वनी मिटला की त्यातील सारे क्रमांक मिटतात, म्हणून महत्त्वाचे क्रमांक कागदावर ठळक अक्षरांत लिहून दाराच्या आतील बाजूस लावावेत : सर्व तातडीच्या सेवा ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

सातवा आठवडा : कागदपत्रे व पैसे

आधार, शिधापत्रिका, मिळकतीचे दस्त, विमा, निवृत्तिवेतनाचे कागद व बँकेची पुस्तके जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक अशी, घालावीत. त्यांची छायाचित्रे परगावच्या त्याच आप्ताकडे पाठवून ठेवावीत. वीज व नेटवर्क नसताना मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत, म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटा थोड्या बाजूस ठेवाव्यात.

आठवा आठवडा : हातपिशवी व रंगीत तालीम

आतापर्यंतची शिदोरी घरी राहून तीन दिवस काढण्यासाठी आहे. ती माळ्यावर वा वरच्या मजल्यावर असावी. तळमजल्यावरील पलंगाखाली ठेवलेली शिदोरी सर्वांत आधी भिजते. घर सोडावे लागल्यास मात्र प्रत्येकाने एका हातात नेता येईल अशी वेगळी पिशवी हवी. तीत पाण्याची बाटली, दिवसभराचे कोरडे खाणे, औषधे, चिठ्ठी, चष्मा, कपड्यांचा एक जोड, पंचा, स्त्रियांच्या गरजेच्या वस्तू व विजेरी असावी.

देवघराविषयी येथे स्पष्ट लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. घरातील टाक व मूर्ती यांसाठी एक कापडी बटवा आधीच शिवून ठेवावा व पाण्याची सूचना येताच ते उंच जागी हलवावे. परंतु एकदा घर सोडल्यावर देवासाठी, दागिन्यांसाठी वा कागदांसाठी कोणीही पाण्यात परत जाऊ नये. गुडघ्याच्या बऱ्याच खाली असणारे, वीतभरही नसलेले वाहते पाणी धडधाकट माणसास पाडू शकते, आणि गढूळ पाण्याखालील उघडे गटार दिसत नाही. मगर वा साप दिसल्यास दूर राहून वनखात्यास कळवावे.

शेवटी एका संध्याकाळी घरातील दिवे तासभर बंद करून तालीम करावी. विजेरी सापडते का, मुख्य खटक्यापर्यंत हात पोहोचतो का, आजींना जिना चढविण्यास किती वेळ लागतो, हे त्या तासात कळते. मुलांना हा खेळ वाटतो व त्यांच्या ते ध्यानात राहते.

शेजारधर्म

शिदोरी आहे म्हणून प्रशासनाने घर सोडण्यास सांगितल्यावर थांबून राहणे योग्य नाही. सूचना येताच निघावे. पण ज्यांचे घर सुरक्षित आहे व ज्यांच्याकडे तीन दिवसांची सोय आहे, त्यांच्यासाठी बचाव पथकास नाव आणावी लागत नाही. ती नाव एखाद्या बाळंतिणीकडे वा रुग्णाकडे आधी जाऊ शकते. आपली तयारी ही अशा रीतीने दुसऱ्याचीही सेवा ठरते.

अनेक सभासदांची मुले परदेशी आहेत व घरी वृद्ध दाम्पत्य एकटेच असते. अशा घरांतील कागद, पाणी व औषधांची चिठ्ठी यांची जबाबदारी शेजारच्या एखाद्या तरुणाने घ्यावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. वरील सर्व कामे एका घरास आठ आठवडे लागतील. शेजारच्या काका-काकूंची चिठ्ठी लिहून देण्यास मात्र एक दुपार पुरते. प्रारंभ तेथूनच केला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
चिटणीस, विश्वस्त मंडळाच्या वतीने