एक स्क्रीन, दोन सुपी

‘सुप्यात गाडी उलटलीय, लवकर या!’ १०८ वर असा फोन आला की पहिला पेच गावाचाच. शहाजीराजांची जहागीर आणि १८७५ चा सावकारांविरुद्धचा उठाव यांमुळे इतिहासाला ठाऊक असलेलं सुपे बारामती तालुक्यात, चौफुला–मोरगाव रस्त्यावर. सुपा पारनेर तालुक्यात, पुणे–अहिल्यानगर महामार्गावर. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी दोन्हींचं ‘सुप्यात’च होतं.

१०८ ची सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. राज्यभरातले फोन पुण्यात औंधला येतात. तिथं फोन घेणाऱ्यानं सुपे पाहिलेलंही नसेल. त्याच्यापाशी असतो कानातला आवाज आणि समोरची स्क्रीन.

म्हणून सगळा जीव गावाच्या त्या एका रकान्यात असतो. ‘सुप’ एवढं टाइप होताच दोन्ही गावं तालुका-जिल्ह्यासकट एकाखाली एक दिसायला हवीत. रोमन लिपीत स्पेलिंग कसंही पडलं तरी सापडायला हवीत. आणि यंत्रानं त्यातलं एक परस्पर निवडता कामा नये. समोरचा रडत असताना आपोआप भरलेला रकाना कोण तपासणार? निवड माणसानंच करायची, तीही कीबोर्डवरून हात न उचलता.

स्क्रीन चुकली तर काय होतं, हे लंडननं २६ ऑक्टोबर १९९२ ला पाहिलं. तिथल्या रुग्णवाहिका सेवेचं काम नव्या संगणक प्रणालीवर गेलं. कोणती गाडी कुठं आहे, याची तिच्यातली नोंद बिघडत गेली. इशाऱ्यांची यादी इतकी वाढली की जुने, न हाताळलेले इशारे स्क्रीनच्या वरच्या कडेतून दिसेनासे झाले. मदत येईना म्हणून लोक पुन्हा फोन करू लागले आणि यादी आणखी फुगली. दुसऱ्या दिवशी दुपारी बरंचसं काम परत हातानं करावं लागलं. थांबलेला कॉल नजरेआड जाऊ द्यायचा नाही, हा नियम इतका महाग पडून शिकलेला आहे.

बारामतीकडच्या सुप्याच्या जिरायती पट्ट्यातली अडचण मात्र स्क्रीनच्याही पलीकडची. वस्त्या रानात विखुरलेल्या. मोबाइल टॉवरवरून जागा काढली तर ती काही किलोमीटरांनी चुकू शकते. पत्ता म्हणजे ‘तळ्याच्या पुढं, वडापाशी’. हे शब्द नकाशात बसत नाहीत, पण चालकाला वाट दाखवतात; ते जसेच्या तसे त्याच्यापर्यंत पोचवणारी जागा स्क्रीनवर हवीच. ती नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, ते खेड्यांसाठी अपुरं आहे.

अशी स्क्रीन येईल तोवर एवढं करा. १०८ किंवा ११२ लावलात की गावाआधी तालुका सांगा: ‘बारामती तालुका, सुपे.’